पम्पकिन फार्मला लहान मुलांना घेऊन जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एडिसनला राहणारं कुटुंब, मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची, पुण्याहून सासू-सासरे आलेले. ऑक्टोबरात सगळ्यांनी मिळून पम्पकिन फार्मला जायचंय आणि ही पहिलीच वेळ. कधी जावं, कुठे जावं, मुलांचं काय सांभाळावं, आणि तिथून आणलेल्या भोपळ्याची भाजी होते का? मी न्यू जर्सीतच प्रीस्कूलमध्ये शिकवते आणि दर ऑक्टोबरात चिल्ल्यापिल्ल्यांची रांग घेऊन भोपळ्याच्या शेतात जाते. त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत, ती सांभाळून घ्या.

पहिलं मत हेच की तिथे शेत बघायला जायचं. आजकाल बऱ्याच फार्मवर उड्या मारायच्या गाद्या, तोफेतून भोपळे उडवणं, छोटी आगगाडी, तोंड रंगवून देणारी बाई, असं सगळं असतं. तिकीट काढलंय म्हणून सगळं वसूल करायला गेलात तर अकराच्या सुमाराला दीड वर्षाची मुलगी भोकाड पसरेल, साडेअकराला चार वर्षांचा मुलगा, आणि बाराला मोठी माणसं एकमेकांवर. वेलावरचा भोपळा, एखादी शेळी, ट्रॅक्टरची एक फेरी, खाणं आणि घरी. दोन-अडीच तासांत एवढंच नीट होतं आणि या वयाला ते भरपूर आहे.

कधी जायचं? इथे हॅलोविनसाठीचा (३१ ऑक्टोबरचा भुताखेतांचा सण, त्यात भोपळा कोरून आत दिवा ठेवतात) भोपळा मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत पेरतात. जातीप्रमाणे तो ९० ते १२० दिवसांत तयार होतो, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी शेत नारिंगी दिसायला लागतं. तुम्हाला वेल आणि भोपळा दोन्ही बघायचे असतील तर सप्टेंबरचा शेवटचा किंवा ऑक्टोबरचा पहिला आठवडा गाठा. पुढे पानांवर भुरी पडते, वेल वाळतात आणि पहिल्यांदा दव गोठण्याएवढी थंडी पडली की उरलंसुरलं हिरवंही काळं पडतं. मग शेतात नुसते भोपळे उरतात. फोटो छान येतात, पण मुलाला दाखवण्यासारखं निम्मं गेलेलं असतं. गर्दीचं म्हणाल तर ऑक्टोबरातले मधले दोन शनिवार-रविवार आणि कोलंबस डेच्या सुटीचा सोमवार टाळाच. नवऱ्याला एक दिवस रजा मिळत असेल तर मंगळवार-बुधवार सकाळसारखी वेळ नाही. आमच्यासारख्या शाळांच्या बस तेव्हा आलेल्या असतात, पण त्या एका जागी फार वेळ थांबत नाहीत. वीकेंडलाच जाणं भाग असेल तर फाटक उघडताना हजर राहा. बऱ्याच ठिकाणी वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं.

कुठे जायचं, तर तुमच्या भागात तोटा नाही. साउथ ब्रन्सविकचं व्हॉन थुन, हिल्सबरोचं नॉर्झ हिल, प्रिन्स्टनजवळचं टेरह्यून ऑर्चर्ड्स, जरा लांब जायची तयारी असेल तर चेस्टरचं अल्स्टेड. नावापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा, तो फोन करून विचारा: भोपळे वेलावरून तोडायचे आहेत की तोडून मांडलेले असतात? काही ठिकाणी दुसऱ्या शेतातून ट्रकभर आणून गवतावर पसरून ठेवतात. त्यात फसवणूक नाही, पावसाळी वर्षी तर त्यांनाही इलाज नसतो, पण पाच मैल जास्त गाडी चालवून वेलावरचा भोपळा बघायला मिळत असेल तर मी चालवीन.

बरोबर काय घ्यायचं याच्या याद्या सगळीकडे मिळतात, म्हणून चुकणाऱ्या गोष्टींचंच सांगते. स्ट्रोलरची बारीक चाकं नांगरलेल्या जमिनीत रुततात. दीड वर्षाच्या मुलीला पाठीवर किंवा पोटाशी बांधायचं कॅरियर न्या. सकाळी थंडी आणि दुपारी टीशर्टवर यावं असं ऊन, तेव्हा एकावर एक काढता येतील असे कपडे. पायात गमबूट, लांब पँट, आणि पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. हे शेवटचं गोचिडांसाठी. लाइम रोग पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही फिरत असतात, आणि आपल्या राज्यात त्यांची कमी नाही. घरी आल्यावर अंघोळ घालताना गुडघ्यांच्या मागे, काखेत, कानांमागे आणि केसांत बोटं फिरवून बघा. मोजे-कपड्यांचा एक जादा जोड मुलांसाठी घेताच, एक तुमच्यासाठीही गाडीत टाका.

सासू-सासऱ्यांच्या दृष्टीनं दोन गोष्टी. हेराइडची, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून शेतात फिरवतात ती, ट्रॉली उंच असते आणि चढायला तीन-चार अरुंद लाकडी पायऱ्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर रॅम्प असलेली ट्रॉली आहे का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी असते. आत बसायला पेंढ्याचे गठ्ठे. दम्याचा त्रास असणाऱ्याला त्या धुळीनं खोकला येऊ शकतो, इनहेलर खिशात हवा. दुसरं म्हणजे स्वच्छतागृह. पुष्कळ फार्मवर प्लास्टिकच्या उभ्या पेट्या असतात, पाणी नसतं. निघताना घरी आणि वाटेत एखाद्या दुकानात जाऊन घ्यायला सांगा, आणि हे आधीच सांगा.

आता मुख्य भाग, शेत. हेराइडनं बहुतेक ठिकाणी शेताच्या कडेला सोडतात. ट्रॅक्टर पूर्ण थांबल्याशिवाय कुणी उठायचं नाही आणि पाय ट्रॉलीच्या बाहेर लोंबकळू द्यायचे नाहीत, एवढा एक नियम कडक ठेवा. उतरल्यावर मुलं धावत सुटतात, सुटू द्या. पाच-सात मिनिटांनी दम लागला की त्यांना एका भोपळ्यापाशी बोलवा आणि सगळे खाली बसा. मी मुलांना देठावर बोट ठेवायला लावते आणि तिथून वेल बोटानं मागे-मागे शोधत न्यायला सांगते. भोपळ्याच्या वेलाला बारीक काटेरी लव असते, हाताला चुरचुरते, ते त्यांना भारी वाटतं. ताणे दिसतात, शेजारच्या गवताला स्प्रिंगसारखे वेढे मारून बसलेले. वाटेत दुसरा भोपळा लागतो, मग तिसरा, आणि शेवटी जमिनीत शिरणारं मूळ. सगळे एकाच वेलाचे, हे कळतं तेव्हा चार वर्षांच्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. मग भोपळा उलटवायचा. खाली फिकट पिवळा डाग, जिथे तो उन्हाविना पडून होता, आणि त्याखालच्या ओल्या मातीत सैरावैरा पळणारे किडे. आमच्या वर्गाची निम्मी सहल त्या किड्यांपाशीच संपते आणि मी घाई करत नाही.

दव गोठण्याएवढी थंडी पडली नसेल तर एखाद-दुसरं पिवळं फूलही सापडेल. मादी फुलाच्या खाली सुपारीएवढा भोपळा आधीच तयार असतो, नराच्या खाली नुसता दांडा. फूल एकाच सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशी आली तरच भोपळा, नाहीतर तो इवलासा गोळा पिवळा पडून गळतो. इथे आजी-आजोबांना पुढे करा. फुलांची भजी, परसातला मांडवावर चढवलेला वेल, जात्याएवढा डांगर, हे त्यांनी बघितलेलं असतं, आणि शेतात बसून ते मराठीत सांगितलं जातं तेव्हा नातू ऐकतो. सोफ्यावर बसून तेच सांगितलं की टीव्ही मागतो.

भोपळा कुणी निवडायचा? मुलानं. अट एकच: स्वतः उचलून दहा पावलं चालता आलं पाहिजे. या अटीत तीन फायदे आहेत. वीस पौंडांचा भोपळा आपोआप बाद होतो, पौंडावर पैसे मोजायचे असल्यानं खिसा वाचतो, आणि मुलगा एकेक उचलून बघतो त्यात त्याचा अर्धा तास मजेत जातो. त्यानं वाकडा, एका बाजूनं हिरवा, चामखिळींचा भोपळा उचलला तर तोच घ्या. तुमच्या फोटोसाठी त्याच्या हातात गोल-गरगरीत दुसरा देऊ नका. मुलं ते विसरत नाहीत. फोटोंचं म्हणाल तर पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, कपडे स्वच्छ असताना उरकून घ्या आणि फोन खिशात. एकसारखे शर्ट घालून, वाळलेल्या मक्यापुढे रडणारी मुलं उभी करून ‘स्माइल, स्माइल’ ओरडणारी आई-बाबा मंडळी दर वर्षी दिसतात. मला त्या मुलांची दया येते.

निवडताना तुम्ही मात्र तपासून घ्या. साल नखानं सहज टोचली गेली तर तो कोवळा, टिकणार नाही. खालची, म्हणजे फुलाकडची बाजू अंगठ्यानं दाबा, मऊ लागली तर सडायला लागलाय. देठ घट्ट आणि टणक हवा. आणि भोपळा देठाला धरून उचलायचा नाही, दोन्ही हात खाली घालून उचलायचा. देठ तुटला की तिथूनच कूज आत शिरते. हे मुलालाही शिकवा.

आता प्राण्यांचं, आणि इथे मी गंमत बाजूला ठेवते. शेळ्या-मेंढ्यांना हातानं खाऊ घालायची सोय जवळजवळ सगळीकडे असते. गाई, शेळ्या, मेंढ्या वरून ठणठणीत दिसतात, तरी त्यांच्या आतड्यांत ई. कोलायची घातक जात असू शकते. २००४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्य जत्रेत अशाच प्राण्यांच्या कुंपणातून शंभराहून अधिक लोक आजारी पडले होते, त्यात लहान मुलं पुष्कळ होती, आणि काहींच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना धोका जास्त, म्हणजे तुमच्या घरातले चौघं त्यात बसतात.

म्हणून प्राणी बघू नका असं मी म्हणणार नाही. शेळीचा खरखरीत ओठ तळहाताला लागतो तो अनुभव मुलांना मिळायलाच हवा. पण शिस्त हवी. कुंपणात शिरायच्या आधी चोखणी, दुधाची बाटली, सिपी कप, बिस्किट, हातातलं खेळणं सगळं पिशवीत बंद. दीड वर्षाची मुलगी या वयात हात सारखा तोंडात घालते, तिला कॅरियरमध्येच ठेवा आणि लांबून दाखवा. मुलगा प्राण्याला हात लावणार नाही, नुसता कठड्याला टेकेल, तरी तो कठडाही तितकाच घाण समजा. बाहेर आल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्यानं वीस सेकंद हात धुवा, सगळ्यांनी. सॅनिटायझर ही नाइलाजाची सोय आहे. मातीनं, शेणानं माखलेल्या हातांवर तो नीट काम करत नाही. हात धुवायचं बेसिन कुठे आहे ते मी आत शिरतानाच बघून ठेवते, आणि बेसिनच नसेल तर कुंपणात जातच नाही. घरी बूट दाराबाहेर. पुढच्या आठवडा-दहा दिवसांत कुणाला जुलाब झाले, विशेषतः रक्ताचे, तर घरातलं जुलाब थांबवायचं औषध देऊ नका. लगेच डॉक्टरांकडे जा आणि फार्मवर प्राण्यांना हात लावल्याचं आवर्जून सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.

यातून क्रम आपोआप ठरतो: आधी शेत, मग प्राणी, मग हात धुणं, मग खाणं. खाणं मध्येच घुसवलं की सगळा क्रम बिघडतो.

खाण्यात सायडर आणि डोनट हा इथला रिवाज. सायडर म्हणजे गाळून साफ न केलेला सफरचंदाचा रस, दारू नव्हे, हे सासऱ्यांना सांगून टाका म्हणजे ते निवांत पितील. मात्र तो पाश्चराइज केलेला, म्हणजे तापवून जंतू मारलेला, आहे का हे विचाराच. तसा नसलेल्या बाटलीबंद रसावर इशारा छापणं १९९८ पासून बंधनकारक आहे, पण पेल्यातून सुट्या विकल्या जाणाऱ्या रसाला तो नियम लागत नाही. मुलांना आणि आजी-आजोबांना पाश्चराइज केलेलाच द्या. डोनटमध्ये बहुधा अंडं असतं, शेकोटीवर भाजायच्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, जे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं. घरी शाकाहार पाळणारं कुणी असेल तर त्यांच्यासाठी भाजलेलं कणीस, केटल कॉर्न (गोड-खारट लाह्या) किंवा डब्यातले ठेपले. गोड पेयांवर या दिवसांत गांधीलमाश्या तुटून पडतात. झाकणाचा कप आणि स्ट्रॉ वापरा, उघडा ठेवलेला कॅन न बघता तोंडाला लावू नका.

मक्याच्या चक्रव्यूहाबद्दल विचारलं नाहीत, पण मुलगा हट्ट धरेलच. मोठ्या मक्यात घुसून वाट शोधायचा हा खेळ फार जुना नाही. १९९३ मध्ये पेनसिल्वेनियातल्या अ‍ॅनव्हिल गावी त्याची सुरुवात झाली. डोक्यावर दोन हात गेलेला मका आणि हरवलेली वाट हे चार वर्षांच्या मुलाला पहिली दहा मिनिटं थरारक आणि अकराव्या मिनिटाला भयंकर वाटतं. बहुतेक ठिकाणी लहानांसाठी गवताच्या गठ्ठ्यांचा बुटका चक्रव्यूह असतो, तोच बरा, बाहेरून मूल दिसत राहतं. वाळूऐवजी मक्याचे दाणे भरलेला हौद असतो तिथे दीड वर्षाच्या मुलीला सोडू नका. दाणा घशात, नाकात, कानात, कुठेही जाऊ शकतो.

सजावटीत हाडांचे सांगाडे, चेटकिणी असतात. ‘अरे, खोटं आहे ते’ असं म्हटल्यानं या वयात भीती जात नाही. तिथून नुसतं पुढे चला. अंधार पडल्यावरचे भुताटकीचे कार्यक्रम तर लहान मुलांसाठी नसतातच.

घरी आल्यावर चार वर्षांच्या मुलाच्या हातात कोरायची सुरी देऊ नका. भोपळा न कापता रंगवा किंवा स्टिकर लावा. आमच्या वर्गात लाकडी गोल्फ टी (गोल्फचा चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) आणि छोटा हातोडा देते. पोरं भोपळ्यात खिळे ठोकल्यासारखी तासभर ठोकत बसतात. न कापलेला भोपळा कोरड्या, गार जागी पुठ्ठ्यावर ठेवला तर दोन-तीन महिने सहज राहतो. कोरलेला आठवडाभर टिकला तरी खूप, म्हणून ३१ ऑक्टोबरच्या दोन दिवस आधी कोरा आणि आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा.

भाजीचा प्रश्न सासूबाईंचा असणार. कोरायला विकतात त्यातली हाउडेनसारखी जात मोठी आणि सरळ बाजूंची दिसावी म्हणून काढलेली आहे. तिचा गर पाणचट, रेषाळ आणि बेचव. खाल्ला तर चालतो, पण खाववत नाही. भाजीसाठी छोटा ‘पाय पम्पकिन’ (पाय नावाच्या इथल्या गोड पदार्थासाठीचा भोपळा) घ्या. त्याहून चांगलं म्हणजे बटरनट किंवा लाँग आयलंड चीज नावाचा चपटा, बदामी रंगाचा भोपळा. हे दोन्ही कुकुर्बिटा मोस्चाटा या प्रजातीतले, आणि आपल्याकडचा लाल भोपळाही बहुतेक त्याच प्रजातीतला. इथला डब्यातला पम्पकिनही त्याच जातकुळीच्या डिकिन्सन भोपळ्याचा असतो. रंगीबेरंगी, चामखिळींचे मुठीएवढे गोर्ड मात्र फक्त शोभेचे. त्यांत कडू कुकुर्बिटॅसिन असतं आणि पोट बिघडतं. कुठलाही भोपळा चव घेताना कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा फेकून द्या.

मुलाला परतीच्या गाडीत भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगाल, तेव्हा तो विचारेलच की एवढा भोपळा असतो का. असतो. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेच्या स्पर्धेत २,७४९ पौंडांचा, म्हणजे जवळपास १,२४७ किलोंचा भोपळा आला होता. आणि कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या विंडसरला १९९९ मध्ये लोकांनी असले भोपळे पोखरून, त्यांत बसून, वल्ही मारत तळ्यात शर्यत लावायला सुरुवात केली.

घारगे करणार असाल तर इथल्या भोपळ्याला पाणी जास्त सुटतं हे लक्षात ठेवा. दोन वाट्या किस आधी थोड्या तुपावर कोरडा होईतो परता, मग एक वाटी गूळ घालून विरघळू द्या. गार झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची, चमचाभर तांदळाचं पीठ, थोडं गरम तेल आणि मावेल तेवढी कणीक. पाण्याचा थेंब नको. जरा जाडसर थापून मंद आचेवर तळा. उरलेला किस परतूनच फ्रीजरमध्ये ठेवला तर दिवाळीपर्यंत चांगला राहतो, कच्चा ठेवलात तर नुसतं पाणी होतं.